भिंतीवरून उतरलेले साल

डिसेंबर सरत आला की गोंदियाच्या बाजारात ओळखीचा दुकानदार सामानासोबत नवे कॅलेंडर गुंडाळून देतो. मध्य प्रदेशची हद्द जवळ, म्हणून इकडच्या भिंतींवर मराठीइतकेच हिंदी कॅलेंडरही दिसते. नवे लागले की जुने खाली उतरते. त्याच्या जाड पानांची मुलांच्या वह्यांना कव्हरे होतात, उरलेली कपाटात अंथरली जातात.

छापील कॅलेंडरांच्या नशिबी हे पहिल्यापासूनच आहे. जर्मनीतल्या माइन्झ शहरात छपाईची कला नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा 1457 सालासाठी भिंतीवर लावायचे एक पान छापले गेले. रक्त काढायला आणि जुलाबाचे औषध घ्यायला कोणते दिवस चांगले, हे त्यात दिले होते. आज त्याचा फक्त वरचा अर्धा भाग उरला आहे. तोही कुणीतरी हिशेबाच्या कागदांना वेष्टन म्हणून वापरला, म्हणून वाचला!

आपल्या महाराष्ट्रात गणपत कृष्णाजी यांनी 1841 साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याआधी पंचांगे हाताने लिहिली जात. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पुस्तकाला हात लावीनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. पुढे 1973 साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि पोथीतले पंचांग घरोघरी भिंतीवर आले. त्यात सणवारांबरोबर आपल्या ईदही असतात.

आपल्या घरात मात्र या पानांवर छापलेल्यापेक्षा हाताने लिहिलेले जास्त मोलाचे असते. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, सुनेचा दवाखाना, अम्मीचे राहिलेले रोजे. घरात कुणाचा इंतकाल झाला तर इद्दतीचे चार महिने दहा दिवसही याच पानांवर मोजले जातात.

आणि जकात? तिचे वर्ष चांद्र असते. हिजरी साल 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणजे इंग्रजी सालापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. जो दरवर्षी 1 जानेवारीलाच हिशेब करतो, त्याचे दरवर्षी अकरा दिवस मागे राहतात. तेहेतीस वर्षांत हे दिवस साठून जवळजवळ पूर्ण एका वर्षाची जकात राहून जाते. ते गरिबाच्या हक्काचे पैसे, आणि चूक फक्त तारखेची! म्हणून आपण निसाबाचे मालक झालो ती हिजरी तारीख लिहून ठेवावी आणि दरसाल नव्या कॅलेंडरवर तिच्याभोवती गोल करावा. एवढे मात्र लक्षात असू द्या, की छापलेली चांद्र तारीख हा अंदाज असतो. चाँद दिसल्यावरच महिना ठरतो, म्हणून एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पेनाने दुरुस्त करावा.

या वर्षी जुने कॅलेंडर उतरवाल तेव्हा भगिनींनो, वह्यांना कव्हरे घालण्याआधी एकदा बारा पाने चाळा. राहिलेले रोजे आणि जकातीची तारीख नव्या पानावर उतरवून घ्या. आणि ज्या पानावर आईचे किंवा सासूबाईंचे अक्षर असेल, ते पान कव्हराला देऊ नका. कुराणशरीफ ठेवतो त्या कपाटात, घरच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा. छापखाने नवे साल दरवर्षी छापतील, ते अक्षर पुन्हा छापून मिळणार नाही.