कपाटात ठेवलेली साडी जपलेली नसते

रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की नेमकी घडीवरच विरते. खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. म्हणजे न नेसताही साडी झिजतेच. मग ती वेळेत कुणाच्या अंगावर का जाऊ नये? ‘पण आईची आठवण आहे!’ हे अगदी खरं. त्यासाठी एखादी ठेवा, मलमलीत गुंडाळा, अधूनमधून घडी मोडा.

बाकीच्यांचं कापड पाहून ठरवावं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं गोधडीला उत्तम: सुई सहज जाते, घाम टिपला जातो. पॉलिस्टरचं तसं नाही, ते धडधाकट असतानाच बोहारणीला द्यावं. बदल्यात भांडं लहान मिळतं, ही तक्रार नेहमीची. पण तेच कपडे धुऊन, सांधून जुन्या बाजारात पुन्हा विकले जातात आणि त्यावर तिचं घर चालतं.