दोराचा भरवसा

पावसाळ्यात सह्याद्रीचे कडे हिरवेगार दिसतात. परंतु त्याच दिवसांत ते अधिक धोक्याचेही होतात. शेवाळलेल्या खडकावरून पाय निसटतो, निसरड्या घाटात वाहन घसरते. अशा वेळी सर्वांत आधी कोण पोचणार? शहरातून येणाऱ्या मदतीला अंतर तोडावे लागते. जवळच्या गावचा माणूस मात्र हाकेच्या टप्प्यात असतो.

२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर व महाबळेश्वर यांना जोडणाऱ्या आंबेनळी घाटात एक बस दरीत कोसळली. ३० जण मृत्युमुखी पडले. वाचलेला एकमेव प्रवासी दरी चढून वर आला, तेव्हा ही वार्ता कळली. त्या वेळी परिसरातील गिर्यारोहक तरुण दोरांच्या आधाराने दरीत उतरले. असे काम करणारे स्वयंसेवक वेतन घेत नाहीत. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही अशाच स्वयंसेवकांची संस्था होय.

तथापि केवळ धाडसाने हे काम साधत नाही. दरीत एक जण उतरतो, तेव्हा वर त्याला सांभाळणारे अनेक असतात. एक जण भक्कम खडक किंवा वृक्ष पारखून दोर बांधतो. दुसरा त्या गाठी तपासतो. कड्याच्या धारेवर दोर घासून झिजू नये, म्हणून तेथे जाड कापड घालतात. मुख्य दोराबरोबर दुसराही दोर सोडतात. एक निकामी झाला, तर दुसरा भार घेतो. जखमी माणसाला वर घेण्यासाठी कप्प्या लावतात. एका साध्या योजनेत सुमारे एक तृतीयांश बळ पुरते. मात्र दोर तिप्पट ओढावा लागतो. आज्ञा एकानेच द्यावयाची, पण धोका दिसताच ‘थांबा!’ असे सर्वांत लहान सभासदानेही ओरडावयाचे, असा नियम असतो.

पथक उभारण्यापेक्षा ते टिकविणे कठीण. अपघातानंतर उत्साहाने अनेक जण येतात. पुढे महिनोन्महिने हाक येत नाही. कोणी पेरणीत गुंततो, कोणी नोकरीसाठी परगावी जातो. म्हणून ठरलेल्या दिवशी सराव करावा लागतो, आणि एकाला येणारी गाठ इतरांनाही शिकवावी लागते. सर्वांनीच दोरावर उतरावे असेही नाही. पायवाटा जाणणारा गुराखी, स्ट्रेचर वाहणारे शेतकरी, प्रथमोपचार जाणणारी परिचारिका, हे सारे पथकाचेच घटक होत.

दोरालाही जपावे लागते. उन्हाने व रसायनांनी नायलॉन दुर्बळ होते. म्हणून दोर सावलीत ठेवतात, बोटांनी चाचपून पाहतात आणि त्याच्या वापराची नोंद करतात. वर्गणी जमवून घेतलेला महागाचा दोर असला, तरी संशय येताच तो बाजूला काढतात. कारण त्यावर माणसाचा जीव तोलावयाचा असतो.

संकटाच्या घटकेला जो दोर उपयोगी पडतो, त्याची गाठ संकट नसलेल्या दिवशीच शिकलेली असते.

स्वाध्याय
१. दरीत उतरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी कोणती काळजी घेतात?
२. पथक उभारण्यापेक्षा टिकविणे कठीण का?
३. ‘थांबा!’ म्हणण्याचा अधिकार सर्वांना का दिलेला असतो?