गागोद्याचं घर सांगताना

पेणहून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की वाटेत गागोदे बुद्रुकचा फाटा लागतो. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, या गावातल्या घरी जन्मले. ऐतिहासिक वास्तू म्हटलं की पाहुण्याला तोफा-तलवारी हव्या असतात. इथे त्या नाहीत. रायगडावरच्या वाटाड्याने बुरुजाकडे नुसतं बोट केलं तरी त्याचं निम्मं काम होतं. गागोद्यात माहिती सांगणाऱ्याला सगळं बोलूनच उभं करावं लागतं.

त्यातून शाळेची सहल आली की गुरुजी घड्याळाकडे बघत असतात, कारण पुढे महड आणि पाली उरकायचं असतं. तेवढ्या वेळात सांगायचं काय? भूदान इथे सुरू झालं नाही. ते १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत. गीतेवरची प्रवचनं १९३२ सालची, धुळ्याच्या तुरुंगातली. आश्रम पवनारला. गागोद्याच्या वाट्याला आलं ते बालपण. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला, आणि विन्या इथे आजोबा शंभूराव, आजी नि आई रुक्मिणीबाई यांच्याजवळ. पुढे सगळं बिऱ्हाडच बडोद्याला गेलं. माझं स्पष्ट मत आहे की सांगणाऱ्याने या बालपणालाच धरून राहावं. भूदानाचे आकडे पुस्तकात मिळतात.

आजोबांचं चांद्रायण व्रत पोरांना फार आवडण्यासारखं आहे. शुद्ध प्रतिपदेला एक घास, मग रोज एकेक वाढवत पौर्णिमेला पंधरा, पुन्हा उतरत अमावास्येला उपास. चंद्र उगवल्यावर पूजा करून मगच जेवायचं. वद्य पक्षात चंद्र उगवायला मध्यरात्र होते. त्या वेळी आजोबा झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद हातावर ठेवत. एकदा पूजेत देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. घरचे मारायला धावले, तर आजोबा म्हणाले, तो देवाच्या आश्रयाला आलाय, त्याला हात लावायचा नाही. पूजा झाली, विंचू आपल्या वाटेने गेला.

फणसाची गोष्ट सगळेच सांगतात: झाडाचा फणस उतरला की गरे आधी शेजाऱ्यांच्या घरी पोचवायचे, मग आपण खायचे, हा आईचा दंडक. पण सांगणारे तिथून थेट भूदानावर उडी मारतात, ते मला पटत नाही. त्यापेक्षा अंध काकांची गोष्ट सावकाश सांगावी. घरात एक आंधळे वृद्ध राहत. सगळे त्यांना काका म्हणत, त्यांचं सगळं करत. बडोद्याला त्यांच्या निधनाची बातमी आली, पण घरात कुणी सुतक धरलं नाही. विन्याने आईला कारण विचारलं, तेव्हा कळलं की काका नात्याचे नव्हतेच! निराधार होते म्हणून घरात होते. इतकी वर्षं पोरांना तो फरक जाणवू दिला नव्हता.

मोठी माणसं वेगळं विचारतात. विनोबांनी आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटलं, त्याचा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. विनोबांवर त्या शब्दांमुळे टीका झाली, त्यांच्याच माणसांत दुफळी पडली, हे त्यांच्या जन्मघरातही सरळ सांगावं. त्याने माणूस लहान होत नाही.

ज्याला वेळ आहे त्याला रोह्याचं नाव सुचवावं. पांडुरंगशास्त्री आठवले तिथे १९२० साली जन्मले. चिंतामणराव देशमुखांचं बालपणही रोहा-तळा भागातलं. ते विनोबांहून चार महिन्यांनी लहान. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विनोबांनी आपली प्रमाणपत्रं आईच्या चुलीत जाळली. दोघेही १९८२ साली, दीड महिन्याच्या अंतराने गेले. रोह्याला जायचं तर पेणला महामार्गाला लागून वडखळ, नागोठण्यावरून जावं.