यंत्रातले शून्य आणि गटारातला माणूस

मॅनहोलचे झाकण उघडते. ठेकेदाराचा माणूस वायुमापक यंत्र दोरीने आत सोडतो. आकडा येतो शून्य. लगेच हुकूम सुटतो, 'उतर!' पण हे शून्य कशाचे? गटारात विषारी वायू नसल्याचे, की यंत्रातला सेन्सर मेल्याचे? हा प्रश्न कोणीच विचारत नाही. कारण उतरणारा कोणत्या वस्तीतून आला, हे सर्वांना ठाऊक असते.

हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा सेन्सर बहुधा विद्युत-रासायनिक असतो. छोट्या डबीत आम्लाचे द्रावण आणि इलेक्ट्रोड असतात. पातळ पडद्यातून वायू आत शिरला की इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होते आणि अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो. वायू जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. प्रवाह नाही, तर आकडा शून्य.

खरी मेख इथेच आहे. द्रावण सुकले किंवा पडदा चिखलाने बुजला, तरी प्रवाह वाहत नाही आणि आकडा शून्यच दिसतो. ऑक्सिजनचा सेन्सर निकामी झाला तर आकडा घसरतो व भोंगा वाजतो. विषारी वायूचा सेन्सर मात्र गुपचूप मरतो. त्याचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचे. कपाटात पडून राहिला तरी तो म्हातारा होतोच.

म्हणून यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. आधी स्वच्छ हवेत शून्य जुळवायचे. मॅनहोलच्या तोंडाशी जुळवले, तर तिथला वायूच शून्य ठरतो! मग सिलिंडरमधला ठरावीक प्रमाणाचा वायू द्यायचा. तो २५ पीपीएम असेल, तर यंत्राने २५ दाखवले पाहिजे; नसेल तर दुरुस्त करायचे. शिवाय रोज कामाआधी हा वायू क्षणभर देऊन भोंगा वाजतो का, हे पाहायचे. याला एक-दोन मिनिटे लागतात. तेवढी मिनिटे कामगाराच्या जिवासाठी नसतात काय?

कोणी म्हणेल, नाक आहे की! पण सडक्या अंड्यांसारखा वास देणारा हा वायू १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला नव्हे, तर वाढला.

मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याच वर्षीच्या नियमांतील साधनांच्या यादीत चार वायू मोजणारे यंत्र आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. मेल्यावर तीस लाख देण्याऐवजी जिवंतपणी सिलिंडर का दिला जात नाही?

आपली पहिली मागणी स्पष्ट आहे: माणूस गटारात उतरताच कामा नये, सफाई यंत्रानेच व्हावी. वायुमापक हा माणसाला आत ढकलण्याचा परवाना नव्हे. पण आजही जो झाकणाजवळ उभा आहे, त्याला विचारण्याचा हक्क आहे: सेन्सर कधी बदलला? यंत्र कधी तपासले? माझ्यासमोर भोंगा वाजवून दाखवा! उत्तर मिळाले नाही, तर उतरायचे नाही. युनियनने आणि वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी हे तीन प्रश्न प्रत्येक सफाई कामगारापर्यंत पोहोचवावेत.