हुरडा आणि गावचा शेजारधर्म

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कपाशीने शेतकऱ्यास रोख पैसा दिला, तर घरची भाकर व बैलांचा कडबा ज्वारीने पुरविला. या ज्वारीचे दाणे पुरते वाळण्यापूर्वी, ते कोवळे व गोड असताना, कणसे भाजून खाण्याचा प्रघात अमरावती व अकोला जिल्ह्यांत फार जुना आहे. यालाच हुरडा म्हणतात. शेजारी, सोयरे व शेतावर राबणारी माणसे यांना एकत्र बसविणारा हा प्रसंग टिकवावयाचा असेल, तर प्रथम शेतात ज्वारी टिकली पाहिजे.

हुरडा वाटूनच का खातात?

ज्वारीचा दाणा प्रथम दुधाळ असतो व नंतर चिकात येतो. चिकातील दाणा बोटांनी दाबला असता मऊ लागतो, पण त्यातून दुधासारखा रस वाहत नाही. ही हुरड्याची खरी वेळ होय. पुढे दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होते व गोडी जाते. एका वेळी पेरलेल्या पिकात ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. शिवाय हुरडा गरम असतानाच खावा लागतो. एवढ्या थोड्या दिवसांत एका घराने किती खावे? म्हणून शेजाऱ्यास बोलावणे जाते आणि पुढे त्याच्या शेतातील कणसे तयार झाली की त्याचे बोलावणे येते.

आगटी आणि पाककृतींची देवघेव

शेतात लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवितात. ज्वाळा विझून विस्तव झाला की त्यात कणसे खुपसून भाजावीत व गरम असतानाच हातावर चोळून, कोंडा फुंकून दाणे वाढावेत. सोबत तीळ, जवस किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ व दही असते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. दही व डाळ यांच्या जोडीने ती उणीव भरून निघते.

प्रत्येक घरची चटणी निराळी. एकीच्या जवसात लसूण अधिक, तर दुसरीच्या तिळात भाजलेली लाल मिरची. आगटीभोवती बसल्या बसल्या ही प्रमाणे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. उरलेल्या हुरड्याचे थालीपीठ उत्तम होते. दोन वाट्या हुरडा भरड वाटून त्यात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, दोन चमचे बेसन, हिरवी मिरची, लसूण, जिरे, कोथिंबीर व मीठ घालावे आणि तव्यावर तेल सोडून, झाकण ठेवून खरपूस भाजावे.

ज्वारी मागे का पडली?

1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला व उत्पादन वाढले. परंतु लवकर येणाऱ्या संकरित ज्वारीचे दाणे परतीच्या पावसात सापडून काळे पडू लागले व त्यांना भाव मिळेना. पुढे सोयाबीन आले व शिधादुकानांतून गहू-तांदूळ मिळू लागला. शिवारात एकट्यादुकट्याचीच ज्वारी उरली की सर्व पाखरे व रानडुकरे तिच्यावरच उतरतात. मग तो शेतकरीही ती पेरणे सोडून देतो. ही अडचण एकट्याने सुटणारी नाही.

गावाने काय करावे?

1. पाच-दहा शेतकऱ्यांनी लगतच्या शेतांत ज्वारी घ्यावी. नुकसान विभागले जाते व राखण पाळीपाळीने करता येते.
2. हुरड्यापुरत्या तासांची पेरणी दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने करावी, म्हणजे हंगाम लांबतो.
3. गूळभेंडीसारखा जुना वाण कोणाकडे असल्यास त्याचे बी जपावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचे पीकेव्ही अश्विनी व पीडीकेव्ही कार्तिकी हे हुरड्याचे वाणही आहेत.
4. उत्तम कणसांना आधीच खूण बांधून ती बियाण्यासाठी राखावीत. चांगली कणसे प्रथम भाजली गेली, तर पुढील वर्षी हलके बी उरते.
5. कणसे काढल्यावर हिरवी ताटे वैरणीस वापरावीत. मात्र खोडव्याचे कोवळे फुटवे किंवा फुलोऱ्यापूर्वीची, पाण्याच्या ताणातील ज्वारी गुरांना घालू नये. त्यातून विषबाधा होते.

पंगतीत सर्व असावेत

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी अंध-अपंगांना अन्न दिले व जातिभेद मानू नका असे आयुष्यभर सांगितले. आगटीलाही हाच नियम लागू करावा. ज्याच्या हाताने निंदणी झाली, ज्याने रात्री राखण केली, त्यांना पहिले बोलावणे जावे. गावातील ज्या वस्तीला आजवर कोणी बोलावले नाही, तिलाही या वर्षी बोलवावे.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याचा लाभ आपल्या शिवारात दिसावयाचा असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच शेतकऱ्यांची बैठक घेऊन कोण कोठे किती ज्वारी घेणार याची यादी करावी, आणि हुरड्याच्या दिवशी त्याच मंडळींकडून पुढील वर्षाच्या बियाण्याची वाटणी ठरवून घ्यावी.