‘लेडी’ म्हणजे भाकरी मळणारी

नागपुरातलं एलएडी कॉलेज आपल्याला माहीत आहे. एलएडी म्हणजे लेडी अमृतबाई डागा. मग हे ‘लेडी’ काय आहे?

इंग्रज सरकार एखाद्याला ‘सर’ किताब देई, तेव्हा त्याच्या बायकोला आपोआप ‘लेडी’ म्हणत. आपलं कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाचं, ते सर कस्तुरचंद डागा. ‘सर’ सहसा त्या माणसापुरताच असतो, मुलाला मिळत नाही.

पिढीजात किताब वेगळे. त्यांतले उमरावांचे पाच : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. ड्यूक म्हणजे मुळात फौजेचा पुढारी, मार्क्विस म्हणजे सरहद्दीचा राखणदार. आपल्याकडे देशमुखी हे काम होतं, पुढे देशमुख आडनाव झालं, तसंच हे. काम गेलं, मान राहिला. असा किताब बहुतेक वेळा थोरल्या मुलाकडे जातो. मुलगी वयाने मोठी असली तरी मागेच राहते. बाईला स्वतःच्या कामासाठी ‘डेम’ हा किताब मिळाला, तर तिच्या नवऱ्याला मात्र त्यातून काही मिळत नाही.

आता गंमत ऐका. जुन्या इंग्रजीत ‘लॉर्ड’ म्हणजे भाकरी राखणारा आणि ‘लेडी’ म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी! म्हणजे हा मान चुलीपासूनच निघाला. पीठ तर आपण रोज मळतो.

डिसेंबर 1920 मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्यात असहकाराचा ठराव झाला. सरकारी किताब परत करणं हा त्याचाच भाग. वर्ध्याचे जमनालाल बजाज या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. त्यांनी आपला ‘रायबहादूर’ किताब सोडला. पुढे आपल्या संविधानाच्या कलम 18 ने असे किताब बंदच केले. सैन्यातली आणि शिक्षणातली पदं तेवढी राहिली. पद्मश्रीसुद्धा नावापुढे लावायची नसते.

पण गावात काय चालतं? सरपंच बाई असते आणि खुर्चीवर ‘सरपंचपती’ बसतो. संविधानात असं पद कुठेच नाही. निवडून आली ती बाई, सही तिची, जबाबदारीही तिचीच.

म्हणून आमचं एक सांगणं आहे. गटाच्या रजिस्टरात ‘अमक्याची बायको’ लिहू नका, बाईचं स्वतःचं नाव लिहा. अध्यक्षबाईंना सभेत नावाने, ताई म्हणून बोलवा आणि ठराव त्यांनाच वाचू द्या.