कायदा बदलला, मग जुन्या निकालाचं काय?

पोलोग्राउंडला राहणाऱ्या माझ्यासारख्याला ‘आयडीए’ म्हणजे प्लॉट आणि स्कीम नंबर, एवढंच ठाऊक. पण देशभरचे वकील इंदूर विकास प्राधिकरणाचं नाव घेतात ते एका खटल्यामुळे.

गोष्ट सुरू होते पुण्यापासून. १ जानेवारी २०१४ ला नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्याचं कलम २४(२) सांगतं: जुन्या कायद्याखाली निवाडा होऊन पाच वर्षं उलटली, तरी ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर ते संपादन रद्द. त्याच महिन्यात पुणे महापालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, पैसे सरकारी तिजोरीत ठेवणं म्हणजे मोबदला देणं नव्हे. या आधारावर अनेक जमीनमालक जिंकले.

६ मार्च २०२० ला इंदूरच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुण्याचा निकाल मोडीत काढला. ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचायचा! म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, तरच संपादन रद्द. एका अव्ययावर शेतं अडली होती.

मग आधी जिंकलेल्यांचं काय? दिल्लीतल्या सरकारी यंत्रणांनी हरलेल्या खटल्यांत फेरविचार मागितला. मार्च २०२३ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. १७ मे २०२४ ला तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली आलेलं एक स्पष्टीकरणच तसं आहे: दुसऱ्या खटल्यात वरिष्ठ कोर्टाने कायद्याचा अर्थ बदलला, एवढ्या कारणावर फेरविचार होत नाही.

सोपं करून सांगायचं तर निकाल दोन कामं करतो. पुढच्या खटल्यांना वाट दाखवतो आणि समोरच्या दोघांचं भांडण मिटवतो. कायद्याचा अर्थ बदलला की पहिलं काम संपतं, दुसरं टिकतं. अपील चालू असेल त्याला मात्र नवा अर्थ लागतो.

हे खटकतंही. एकाच बांधाला लागून दोन शेतं; एकाची केस लवकर संपली म्हणून जमीन सुटली, दुसऱ्याची रेंगाळली म्हणून गेली. तरी मला कोर्टाचं म्हणणं पटतं. सरकारला जमीन हवीच असेल, तर नव्या कायद्याने संपादन करून नवा मोबदला देता येतो. शेतकऱ्याकडे असा दुसरा रस्ता नाही. जिंकलेला निकाल कधीही उघडणार असेल, तर त्याने त्या शेतात विहीर तरी कुठल्या भरवशावर खणायची?